चारशेवर राहिलेली डायल

माझे आतोबा बुधवार पेठेत तीसेक वर्षं फोटो स्टुडिओ चालवायचे. काचबिंदूने नजर अधू झाली तेव्हा त्यांनी तो बंद केला आणि घरचा फिल्म कॅमेरा माझ्या हातात दिला. मी वाघोलीला राहते, आयटीत काम करते. फिल्म म्हणजे काय, हेही मला धड माहीत नव्हतं. त्यांनी रविवारी सकाळी मला मंडईत नेऊन शिकवलं.

"रोल म्हणजे कागद नव्हे, तहान आहे," ते म्हणायचे. "किती उजेड प्यायचा ते तू ठरवायचंस. अ‍ॅपर्चरने तोंड किती उघडायचं, शटरने किती वेळ. आणि प्रत्येक रोलची तहान वेगळी. चारशेच्या रोलची थोड्या उजेडात भागते, शंभरच्याला चौपट लागतो. रोल बदललास की आधी वरच्या डायलवर त्याचा आकडा लाव. नाहीतर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर तुला बेधडक खोटं सांगेल."

दोन वर्षांपूर्वी आत्या-आतोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आतोबांनी आयुष्यभर दुनियेचे फोटो काढले, पण लग्नानंतर दोघांचा एकत्र असा नीट फोटो नव्हता. ते कायम कॅमेऱ्यामागे असायचे ना!

"मोबाईलवर सगळेच काढतील," ते मला म्हणाले. "एक तरी फिल्मवर असू दे. मला कुठे दिसणार आहे? तिला हवाय."

आत्या पैठणी नेसून, गजरा माळून खिडकीशी बसली. आतोबा शेजारी. मी शंभरचा रोल भरला आणि चांगले वीस फोटो काढले. "अहो, हसा की थोडं," आत्या त्यांना म्हणाली, आणि ते खरंच हसले.

आदल्या महिन्यात मी चारशेचा रोल वापरला होता. डायल चारशेवरच राहिली होती.

रोल मी आतोबांच्या जुन्या मित्राच्या लॅबमध्ये दिला. दर गुरुवारी ते काका आतोबांकडे चहाला यायचे. चार दिवसांनी त्यांनी निगेटिव्ह माझ्यासमोर उजेडात धरली. ती काचेसारखी फिकट होती. चेहऱ्यांच्या जागी दोन पुसट डाग.

"अगं, डायल कितीवर होती?" त्यांनी विचारलं. मग कडेला कारखान्यातच उमटवलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे बघ, काळेभोर आहेत. म्हणजे धुण्यात काही चुकलेलं नाही. उजेडच पोचला नाही."

मी पाकीट घेऊन निघाले. जिना चढताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. पण दार आत्याने उघडलं. "आले का गं फोटो?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही गं. लॅबमध्ये केमिकल जुनं होतं वाटतं. सगळा रोल गेला."

आतोबा म्हणाले, "त्याच्याकडून असं व्हायला नको होतं."

एवढंच. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी काकांना 'येऊ नकोस' असं कळवलं. त्याच्या पुढच्याही. मला ते आत्याकडून कळलं, आणि तरी मी गप्प राहिले. 'आता सांगून काय उपयोग' असं स्वतःला समजावत चार महिने काढले. कॅमेरा कपाटात ठेवला. लॅबच्या रस्त्याने जायचं टाळलं.

एका शनिवारी काकाच मंडईपाशी समोर आले. हातात मेथीची जुडी होती. "त्यांची तब्येत बरी आहे ना? फोन उचलत नाहीत," ते म्हणाले. "माझं काही चुकलं का गं?"

मला तिथे उभं राहवेना. तशीच आतोबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. निगेटिव्ह तेव्हापासून माझ्या पर्समध्येच पडून होती; त्यांनी ती मागितली आणि आत्याच्या हातात दिली.

"कडेचे आकडे कसे दिसतात?"

"काळे. स्पष्ट," आत्या म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "डायल माझ्याकडूनही राहिली आहे. एकदा नाही, अनेकदा. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्यात त्यासाठी. पण मी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही." मग म्हणाले, "त्याच्याकडे तू जा. मी फोन करणार नाही."

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. हात पुसत म्हणाले, "तीस वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच केमिकल जुनं असल्याचा आरोप झाला. निदान बाटलीवरची तारीख तरी विचारायचीस!" त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही.

मी आत्याला म्हटलं, पुन्हा बसा, पुन्हा काढते. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "नको गं आता. त्या दिवशी नटायची हौस होती."

पुढच्या गुरुवारी काका आले. मी मुद्दाम रजा घेऊन गेले होते. स्वयंपाकघरात मला बाहेरच्या खोलीतलं दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, आधी तुटक, मग कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकावरून मोठ्याने हसणं. मी चहा गाळला, कप भरले. पण ट्रे घेऊन बाहेर जायचा धीर होईना. शेवटी आत्या आत आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ट्रे उचलून घेऊन गेली.