हसू नका, लेप तडकतो

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी माझी बायको वारली. मग शेजारच्या काकू रोज भाकरी अन् जवसाची चटणी आणू लागल्या. साबण त्यांना विष वाटे. एकदा कडुनिंब-हळदीचा लेप वाटून त्यांनी आम्हा दोघांच्याही तोंडाला फासला.

"गुरुजी, वाळेस्तोवर हसू नका. तडकतो."

"मी हसत नाही, काकू."

"म्हणून तर तुमच्यावर लई बेस बसतो!"

तेवढ्यात टँकर आला. काकू तशाच घागर घेऊन धावल्या. रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "अंगात आलंय! आधी देवीला भरू द्या!" काकूंनी गंभीरपणे घागर भरली.

दारातून बघत मी हसलो, पोट धरून.

"तडकवलात न्हवं!" म्हणत परत येऊन त्यांनी त्यातलंच तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर ओतलं.

आता काकूही नाहीत. घरात मी एकटा आहे. लेपाची वाटी आहे. साबण नाही.