सहीच्या वरच्या ओळी

सुमे, जरा कान इकडे कर. सहा महिने मावशीकडे फिरकली नाहीस, म्हणून पत्रातूनच रागावते.

काल ग्रामसभेत शेजारच्या पार्वतीनं रजिस्टरवर अंगठा उठवला आणि बोटाची शाई केसांना पुसली. मीही पूर्वी अशीच अंगठा द्यायची. साठीला मी सही शिकले, तेव्हा केवढी मिरवले! दर सभेला पहिली सही माझी. वाचायला मात्र नंतर शिकले. परवा त्याच रजिस्टरची मागची पानं अक्षर अक्षर लावून वाचली, तर बायकांच्या संडासाची जागा दुकानगाळ्यांना द्यायला सर्वांची संमती, आणि खाली माझं वळणदार नाव. मी सुधारले ती एवढ्यासाठीच का गं?

म्हणून काल उभी राहिले. "आधी वाचा, मग अंगठे घ्या."

ग्रामसेवक म्हणाले, "आजी, चहा निवतोय."

पार्वतीनं पदर ओढला. "बस खाली, शहाणे. आमच्या भाकऱ्या राहिल्यात."

मी रजिस्टर पुढं ओढून स्वतःच अडखळत वाचत राहिले, आणि बायका एकेक करून उठून गेल्या. आपल्यापुरतं शिकणं सोपं होतं गं.

जागा परत मागायचा अर्ज मी लिहिलाय. खाली अजून माझं एकटीचंच नाव आहे. तू लवकर ये, दोघी मिळून पार्वतीच्या ओसरीवर जाऊन बसू आणि तिला अर्ज वाचून दाखवू.