नाकोबा आणि पांढरा पापुद्रा

कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. तो नाकोबा. बटाट्याची पोती गार ठेवणारा अमोनिया कुठल्या नळीतून जरासा जरी निसटला, तरी सगळ्यांच्या आधी वास यायचा तो त्याला. त्याने "बाहेर व्हा" म्हटलं की हमाल पाठीवरची पोती टाकून पळत. त्याची नोकरी या नाकावर चालायची आणि रुबाबही.

स्वभावाने मात्र महासंशयी. चहा थंड आला तरी त्यात त्याला कट दिसायचा. हल्ली त्याने हुंगून चांगलं म्हटलेलं दूध बायको पुन्हा हुंगून बघायची, तर हिला माहेरच्यांनी फूस लावली आहे असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

अशा माणसाच्या डोक्यावर, भिंतीत, कंपनीने एक डबी बसवली. बसवायला आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी ती उघडून दाखवली. आत नखाएवढा पांढरा पापुद्रा. केसाहून कितीतरी बारीक तंतूंची ती जाळी होती. अमोनिया तिला चिकटला की तिच्यातून वाहणारी वीज बदलते आणि भोंगा वाजतो, असं त्या म्हणाल्या. माणसाला वास येण्याच्या पुष्कळ आधी वाजतो, असंही म्हणाल्या, आणि तेच नाकोबाला झोंबलं.

आपल्याला घरी बसवायचा हा डाव आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. पुढे भोंगा वाजला की तो नाक वर करून हुंगायचा आणि यंत्र थापा मारतंय म्हणून जाहीर करायचा. हमाल हसून कामाला लागत. मिस्त्रीने एकदा खरंच ढिला झालेला नट आवळून दाखवला, तर मिस्त्रीही सामील आहे असं ठरलं.

शेवटी यंत्राची लबाडी रंगेहाथ पकडायची म्हणून त्याने स्टोअरमधून साफसफाईच्या अमोनियाची बाटली आणली आणि डबीखाली उघडली. भोंगा लगेच कोकलला. नाकोबाने बाटली स्वतःच्या नाकाला लावली. काही नाही. म्हणजे स्टोअरकीपरने असली माल विकून पाणी भरलं! तो तणतणत गेला आणि बाटली सरळ त्या भल्या माणसाच्या नाकाखाली धरली. स्टोअरकीपर खोकत खोकत मागे कोलमडला आणि वेडा झालास का म्हणून ओरडला.

नाकोबाच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वास मात्र नव्हता. त्याने घाईघाईने बूच लावलं. नाक कधी गेलं, कशाने गेलं, त्याला पत्ताच नव्हता. भीती मात्र इतकी वाटली की तो त्या दिवशी कोणावर संशय घ्यायचासुद्धा विसरला. ही गोष्ट फुटली तर नोकरी गेली, म्हणून त्याने तोंड शिवून घेतलं.

मग एका सकाळी, हॉल हमालांनी भरलेला असताना भोंगा वाजला. कोणालाच वास येत नव्हता. कोणी हललंही नाही. सगळे नाकोबाकडे बघत राहिले.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. "वास येतोय मला."

हमालांचा मुकादम म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. त्याने डोळे बारीक केले.

"दाजी, तुम्हाला नेहमी आधी येतो. आज भोंग्याच्या मागून कसा आला? काल यंत्र खोटारडं होतं ना? साहेबाने काय कबूल केलंय तुम्हाला?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नाकोबाने शिकवलेला संशय त्यांना चांगलाच पाठ झाला होता. भोंगा वाजतच होता. गळती खरी की खोटी, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण खरी असली तर? मेहुण्याच्या अंगावर नाकोबाच्या बायकोने विणलेला स्वेटर होता.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "कसलाच येत नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं, मी बोलत होतो. चला आता."

मेहुण्याने पाठीवरचं पोतं सोडलं आणि सगळ्यांना दाराकडे पिटाळलं.

आवारात ते घोळका करून उभे राहिले. थोड्या वेळाने मेहुण्याने घाईघाईने नाकाला फडकं लावलं. मग शेजारच्याने, मग एकेक करून सगळ्यांनी. नाकोबा त्यांच्यामध्ये तसाच उभा होता. गळती खरी होती, हे त्याला त्यांच्या तोंडांकडे बघून कळलं.