वाळूवरची वैनगंगा

त्या उन्हाळ्यात आम्ही आठ जण कोरड्या वाळूवर नाव चालवायला शिकलो.

वैनगंगेचा आमचा घाट, म्हणजे नावेनं माणसं पार नेण्याचा हक्क, तोवर ठेकेदाराकडे होता. सुकाणू त्याचा माणूस धरायचा आणि आम्ही ढिवरांची पोरं नुसती वल्ही मारायचो. चांद्याहून येणारी कामगार चळवळीची पत्रकं वाचून माझं डोकं तापलेलं. राबणाऱ्यांचाच घाट हवा, असं मी घरोघर सांगत फिरलो आणि आमची सोसायटी उभी राहिली. तहसीलच्या साहेबांनी अट घातली: नदी भरली की मी स्वतः नावेत बसेन. सुखरूप नेलंत तर घाट तुमचा, नाही तर ठेकेदाराचा.

आमच्यात सुकाणू येत होतं एकट्या माझ्या मामाजींना, आणि त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं. उन्हाळ्यात नदीला धारही उरलेली नव्हती. म्हणून मामाजींनी वाळूतच भरलेली नदी आखली. राखेच्या रेघा म्हणजे काठ. पुरात जिथे खडक बुडतात, तिथे कुंभाराकडची तडकलेली मडकी पालथी घातली. सुंभ काढलेल्या खाटेची चौकट ही नाव. चौघांनी ती कमरेशी धरून चालायचं, पाचव्यानं मागून सुकाणूवाला म्हणून हुकूम द्यायचा. चौकटीला बांधलेला दोर मामाजी खालच्या अंगाला ओढत. तो पुराचा जोर.

पहिल्याच दिवशी मी अडलो. "एकानं हुकूम सोडाचा न बाकीच्यांनं आयकाचा, हे तं ठेकेदाराचंच राज्य झालं. नावेवर सारे सारखे. कुठी वळाचं ते मिळून ठरवू."

"ठरवा नं, भासेबुवा," मामाजी म्हणाले आणि त्यांनी दोर ओढला.

पहिल्या मडक्याशी दोघं 'वर' म्हणाले, दोघं 'खाली'. मी मतं मोजत होतो तेवढ्यात मडकं फुटलं.

"किती मतं पडली?" मामाजींनी विचारलं.

"दोन-दोन."

"मंग नाव कोनाच्या मतानं बुडली म्हून सांगू साहेबाले?"

सगळे वाळूत बसून हसले. मीही हसलो, पण हट्ट सोडला नाही. सात मडकी फुटल्यावर मी म्हणालो, सुकाणू कोणी धरायचं ते काठावर ठरेल, दर खेपेला पाळी बदलेल. पण काठ सुटला की आवाज एकाचाच.

"हे तुह्या पत्रकात लिवलं हाये का?"

"नाई."

"मंग लिव."

पावसाळा येईस्तोवर आम्ही वाळू तुडवली. नदी भरली आणि साहेब आले, तेव्हा सुकाणूची पाळी आली ती सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या गड्याची. भर धारेत तो माझ्यावर खेकसला, "वर घे, वर! सभा मंग भरव." मी मुकाट्यानं वल्हं दाबलं. खडक उजव्या हाताला राहिला.

पलीकडे साहेब खूश होते. "परत जातानाही हाच माणूस ठेवा," ते म्हणाले.

"नियमानं आता पाळी माझी आहे," मी म्हणालो.

साहेबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नावेत बसले. घाटाच्या कागदावर सही त्यांनी अलीकडे उतरल्यावरच केली.