दादाचा मामेरा

दादा मंगळवारी गेला. सकाळी तो दूध आणायला बाहेर पडला. परत आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात बसला. वहिनीनं पाणी दिलं. त्यानं ते घेतलं नाही. डॉक्टर आले तेव्हा सव्वाआठ झाले होते.

त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. दहाव्याला क्षौरही माझंच झालं.

त्याआधी, पाचव्या दिवशी, त्याचा फोन वाजला होता. तो टेबलावर चार्जरला लावलेला होता. रोज रात्री लावायचा तसा कोणीतरी लावून ठेवला होता. वहिनीनं पडद्यावरचं नाव वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. "त्यांची बहीण आहे. भाऊजी, तुम्हीच बोला, मेरे से नहीं होगा."

बहीण म्हणजे रक्ताची नव्हे. दादा गुरांच्या दवाखान्याच्या नोकरीत होता. लस टोचायला इंदूरहून मोटरसायकलवरून देपालपूरच्या पलीकडे, चंबळेच्या बाजूच्या गावांत फिरायचा. असाच एका राखीपौर्णिमेला एका गोठ्यात तो म्हशीला सुई देत होता. घरची नवी सून म्हशीची दोरी धरून उभी होती. "आज सण, भावाकडे गेली नाहीस?" त्यानं सहज विचारलं. तिला भाऊ नव्हता. देवाला वाहायला आणलेल्या राख्यांतली एक उरली होती, ती तिनं आत जाऊन आणली आणि त्याच्या मनगटाला बांधली. हाताला औषधाचा वास येत होता, असं तो नेहमी सांगायचा. त्यानंतर दर वर्षी तो गेला. बदली झाली तरी गेला, निवृत्त झाला तरी गेला. मी मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी धरून.

आता तिच्या मुलीचं लग्न होतं. माळव्यात मुलीच्या लग्नात आईचा भाऊ मामेरा घेऊन येतो: बहिणीला चुनरी, भाचीला कपडे, घरच्यांना मानाचं काहीबाही. सगळ्या गावासमोर तो बहिणीला चुनरी पांघरतो. ज्या बाईचा मामेरा येत नाही ती त्या दिवशी आपल्याच दारात परकी होते. दादानं तो कबूल केला होता. लग्नाच्या दोन महिने आधीच त्यानं आणि वहिनीनं सगळं आणून ठेवलं होतं. चुनरीच्या रंगावरून तो दुकानात तासभर अडून बसला होता.

फोनवर ती म्हणाली, "भैया, राम राम. मामेरो टेम पे आयेगो नी?"

मी सांगणारच होतो. वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते, "भैया थोड़े बीमार हैं."

ती म्हणाली, "तो तम लइ आवजो. पण उनके बी लाजो, बैठा-बैठा आवे."

मामेरा तू आण, पण त्यालाही मागे बसवून घेऊन ये, असं तिचं म्हणणं. मी बरं म्हटलं. आयुष्यभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे मला न बघता सांगता येतं. त्या दिवशी एक वाक्य सापडलं नाही. नंतर रोज वाटायचं, फोन करून सांगून टाकावं. मग वाटायचं, लग्न होऊन जाऊ दे. कुठल्याही बाजूनं विचार केला तरी दादा मेलेलाच राहत होता, आणि तिच्या मांडवाचा दिवस जवळ येत होता.

अठराव्या दिवशी पहाटे मी निघालो. वहिनीनं कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच काढा. मी हात लावला तर बरोबर नाही दिसत."

"वहिनी, तुम्हीच तर आणलंय हे सगळं."

"तेव्हा आणलं," ती म्हणाली.

मी गठुडं बाहेर काढलं. तिनं लांबूनच दोरी कशी बांधायची ते सांगितलं. चुनरी वर ठेवा, चुरगळेल. एक गाठ अजून. मग माझ्या खिशात कांदा टाकला, लू लागू नये म्हणून. दादाच्या खिशातही टाकायची. "आणि भाऊजी, मागचा ब्रेक ढीला है. हे म्हणत होते, दाखवून आणतो."

मोटरसायकल दादाची. मी शहरात स्कूटर चालवतो, घर ते भंवरकुआं. गिअरच्या गाडीवर मी मागेच बसत आलो. हातोदपर्यंत दोनदा बंद पडली. मागून येणारा ट्रॉलीवाला ओरडला, "भिया, चलानी नी आती तो धक्का मार के ले जाओ!"

हातोदच्या पुढे मला कळलं की मला रस्ता माहीत नाही.

दादा मोठ्या रस्त्यानं कधी गेला नाही. देपालपूरच्या अलीकडेच तो कुठेतरी आत वळायचा आणि मग शेतांमधून, कालव्याच्या कडेनं, एका गावाच्या पाठीमागून दुसऱ्याच्या पाठीमागे निघायचा. कुठे कोणाची म्हैस बरी झाली का विचारायचं असायचं, कुठे ताक प्यायचं असायचं. साठ किलोमीटरला आम्हाला दिवस लागायचा. एवढी वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो होतो, पण मागे बसून, मान डावीकडे वळवून. समोर दादाची पाठ असायची. कधीकधी मी पुस्तकही उघडायचो. तो आरशात बघून म्हणायचा, "वाच, वाच. पुढचं मी बघतो."

आता पुढे पाठ नव्हती, आणि पुढचं काहीच ओळखीचं नव्हतं. गहू निघून गेला होता. शेतं जाळून काळी केलेली. जिथे तिथे लसणाचे ढीग, आणि गरम वाऱ्याला लसणाचा वास. फोनवरच्या नकाशात मी तिच्या गावाचं नाव, पिपलिया, घातलं. त्यानं मला दीड तास फिरवून एका पिपलियात नेलं. तिथे पिंपळाखाली बसलेल्या म्हाताऱ्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कौन-सी पिपलिया? ये तो अलग है. वो चंबल वाली होगी."

"किधर से जाऊँ?"

"जिधर से आये, उधर से."

मग मी एक करू लागलो. फाटा आला की गाडी थांबवायची, पाय टेकायचे आणि मान डावीकडे वळवून बघायचं. दोन ठिकाणी उपयोग झाला. एक पडकी विहीर ओळखू आली, तिच्यात वडाचं झाड उगवलेलं. पुढे एक शाळा, भिंतीवर उलटा रंगवलेला नकाशा. त्या शाळेवर दादा दर वर्षी तोच विनोद करायचा. पण एका खुणेपासून दुसरीपर्यंत कसं जायचं ते फक्त त्याला माहीत होतं. दुपारी एकला मी दुसऱ्यांदा त्याच विहिरीपाशी आलो. गाडी लावली आणि तिच्या कठड्यावर बसलो. तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी गठुड्याच्या गाठी तपासल्या.

चारपर्यंत या, असं तिनं सांगितलं होतं. पाच वाजता वरात येणार होती.

पावणेचारच्या सुमाराला एका तिठ्यावर चहाची टपरी दिसली. मी थांबलो. टपरीवाला माझ्याच वयाचा होता. त्यानं माठातलं पाणी पुढे केलं. "हेलमेट तो उतारो भिया, भीतर भाप बन गई होगी."

मी हेल्मेट काढलं. तो बघत राहिला.

"कौन गया?"

"बड़े भाई."

"राम राम." त्यानं कपाळाला हात लावला. मग गाडीवरच्या लाल गठुड्याकडे बघितलं. "और जा कहाँ रिये हो?"

"मामेरा लेके. चार बजे पहुँचना है."

"ये सिर लेके?"

मी मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच सांगतो, माझ्या ध्यानातच नव्हतं. मिशी मी कधी ठेवली नाही, त्यामुळे आरशात चेहरा तोच दिसायचा. चुनरी चुरगळू नये म्हणून दहा वेळा थांबलो होतो. पण ज्या घरात मृत्यूची बातमी जाऊ द्यायची नव्हती, तिथे ती मी डोक्यावर घेऊन निघालो होतो.

"पढ़े-लिखे दिखते हो," टपरीवाला म्हणाला. "मंडप में ऐसे घुसोगे तो दूल्हे की दादी वहीं लंबी हो जायेगी. फिर दो-दो काम कराना." मग तो बाहेर आला. खांद्यावरचा चौकड्यांचा गमछा झटकला आणि माझ्या डोक्याला बांधला, कपाळापासून मानेपर्यंत. "कोई पूछे तो बोलना, लू से बचने को बाँधा है. लौटते में दे जाना, एक ही है मेरे पास." पिपलियाचा रस्ताही त्यानंच दाखवला. तो तिथून सहा किलोमीटर होता.

मी पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. दादाची बहीण दारात उभी होती. हातात आरतीचं ताट, मागे बायका. गाण्यांचा आवाज बसत आला होता, म्हणजे बराच वेळ गात असाव्यात. तिनं आधी माझ्या मागच्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भैया नी आया?"

"तबीयत..." मी म्हणालो. तिनं मान हलवली.

कोणीतरी म्हणालं, "अरे आ गया, आ गया, इंदौर वाला मामा आ गया! हम तो समझे पेट्रोल खतम हो गया!" सगळे हसले. मला पाटावर उभं केलं. तिनं गमछ्याच्या काठाखाली कसाबसा टिळा लावला. मी चुनरी उलगडली आणि तिला पांघरली. रंग केशरी आणि तांबडा यांच्या मधला होता. बायकांचं गाणं पुन्हा वर चढलं. मग तिनं रीतीप्रमाणे मला मिठी मारली. तिच्या कपड्यांना हळदीचा वास होता. मला वाटलं, झालं. दादा, झालं.

पण त्या घरात मामेरा आणणाऱ्याला साफा बांधायची पद्धत होती. दर खेपेला आम्ही राखीला जात होतो, लग्नाला नव्हे. मला हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तिचा दीर गुलाबी साफ्याचं लांब कापड घेऊन पुढे आला. "लाओ मामाजी, ये गमछा हटाओ, अब राजा बनाते हैं."

मी दोन्ही हातांनी गमछा धरला. "रहने दीजिये, लू लग गई है."

"लू तो साफे से और भागेगी!" त्यानं हात पुढे केला.

तेव्हा तिनं मध्येच त्याच्या हातातून कापड घेतलं. "म्हारा बीरा के हूँ बाँधूँगी." बीरा म्हणजे भाऊ.

"अरे भाभी, तमे कंई आवे!"

"परे हटो," ती म्हणाली.

ती माझ्यासमोर इतक्या जवळ उभी राहिली की तिची चुनरी मागच्या लोकांना आड झाली. तिनं गमछा कपाळावरून वर सरकवला. थांबली. मी खाली बघत होतो. तिच्या पायांतली नवी जोडवी दिसत होती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, फार नसावा, कारण मागे गाण्याची एकच ओळ झाली. मग तिनं गमछा काढून न बघता माझ्या हातात दिला आणि साफ्याचा पहिला वेढा घातला. दुसरा घातला. तिला बांधता येत नव्हतं. ओझ्याखाली डोक्यावर चुंबळ बांधतात तसं ती ओढून ओढून बांधत होती. कानशिलं दुखू लागली. आणि ती गाणं म्हणत होती, बाकीच्यांबरोबर, शब्द न चुकता.

"ये साफा है कि पोटली!" दीर म्हणाला. पुन्हा हशा झाला. तीही हसली.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलायला जागाच नव्हती. मामेऱ्याचं ताट आत गेलं, वरातीचा बँड गावाच्या वेशीवर ऐकू आला, आणि तिला हाक मारली गेली. जेवणाच्या पंगतीत मी बसलो. दाल-बाफले वाढले होते. माझ्या शेजारी एक पान वाढून ठेवलं होतं, त्यावर कोणी बसलं नाही. कोणी वाढायला सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. दोन डबे दिले. "एक तमारो, एक भैया को." आजूबाजूला माणसं होती. ती मोठ्यानं म्हणाली, "उनके कीजो, चुनरी को रंग म्हने घणो भायो."

"कह दूँगा," मी म्हणालो.

तिनं मोटरसायकलच्या टाकीवर हात ठेवला, दादा निघताना ठेवायची तसा. मग आत गेली.

परतताना टपरी सापडली नाही. तिठे तीन लागले, तिन्हीवर थांबलो. उजेड जायच्या आत मोठा रस्ता गाठायचा होता. घरी वहिनीनं मला साफ्यात पाहिलं आणि दार धरून उभी राहिली. "कळलं का त्यांना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "तुम्ही सांगितलं?" मी नाही म्हणालो. तिनं दोन्ही डबे देवघराशेजारी ठेवले.

राखीपौर्णिमेला दादाचा फोन आम्ही चार्ज करून ठेवला होता. तो वाजला नाही. मीही केला नाही.

साफा पुस्तकांच्या कपाटावर आहे, ज्या आकारात बांधला होता त्याच आकारात. गमछा धुऊन घडी करून ठेवलाय. तो परत द्यायचा आहे, पण मला रस्ता माहीत नाही. मागचा ब्रेक मी दुरुस्त करून आणला. दादा गेल्याचं तिला मी अजून सांगितलेलं नाही.