फिलेनाच्या आडव्या ओळी

ओहायोतल्या त्या मुलींच्या कॉलेजात दर फेब्रुवारीत प्रार्थनेचा आठवडा असे. मुख्य बाई तेव्हा मुलींचे तीन गट करत. देवानं आपल्याला पदरात घेतलं अशी खात्री असलेल्या त्या ‘आशा असलेल्या’, खात्री होईलसं वाटणाऱ्या त्या ‘वाटेवरच्या’, आणि बाकीच्या ‘आशा नसलेल्या’. पहिल्या दोन गटांनी उठून उभं राहायचं, तिसऱ्यानं बसून राहायचं. १८५८ साली एकोणीस वर्षांची फिलेना टटल बसून राहिली. बंडबिंड काही नव्हतं, खोटं उभं राहवेना एवढंच.

पण तिचे बाबा, एसा टटल, गावच्या चर्चचे पंच. पोरीची श्रद्धा ढळली की त्याच दिवशी घरी, या अटीवर त्यांनी तिला कॉलेजात धाडलं होतं. ‘आशा नसलेली’ हे घरी कळणं म्हणजे शिक्षण संपणं.

म्हणून तिनं ते फक्त धाकट्या बहिणीला, लोरिंडाला कळवलं, आणि तेही आडव्या ओळींत. कागद भरला की तो फिरवायचा आणि लिहिलेल्यावरूनच आडवं लिहायचं, असं तेव्हा कागद वाचवायला सगळेच करत. टटलांकडे पत्र म्हणजे साऱ्या घराचं. जेवणं झाली की बाबा शेगडीपाशी ते मोठ्यानं वाचत, समोर केझाया आत्या विणत बसे. आडव्या ओळी मात्र त्यांच्या अधू डोळ्यांना लागत नसत. “हे तुमचं जाळं तूच सोडव,” म्हणून ते कागद लोरिंडाकडे देत, आणि ती सांगण्याजोगं वाचून बाकीचं गिळून टाकी. दोन वर्षं बहिणींची गुपितं अशी बाबांच्या नाकासमोरून जात होती.

पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी लोरिंडाचं आलं. फेरीवाल्याकडून बाबांनी नवा चष्मा घेतला होता. आता ते बियाण्याच्या पुडीवरचं बारीक अक्षरही वाचत होते. आडवं काही लिहू नकोस, असं तिनं खाली दोनदा लिहिलं होतं.

फिलेनानं तो कागद खोलीतल्या मैत्रिणीपुढे, ओर्फापुढे टाकला. ओर्फानं विचारलं, “तुझं गेलं?”

“काल सकाळच्या गाडीनं.”

“मग तो चष्मा फुटावा म्हणून प्रार्थना कर. तेवढ्यासाठी तरी गुडघे टेकशील.”

मग ओर्फानं सरळ उपाय सांगितला. उद्या उभी राहा, आणि आशा मिळाली असं लगेच बाबांना कळव. “पुढच्या बाकावरच्या निम्म्या अशाच उठल्यात, बाई.”

फिलेनानं रात्रभर ते पटवून घेतलं. सकाळी कॉलरला इस्त्रीसुद्धा केली. पण बाईंनी विचारलं तेव्हा ती उठली नाही.

आठ दिवसांनी बाबांच्या हातचं पत्र आलं. आजवर त्यांनी तिला स्वतः कधी लिहिलं नव्हतं.

‘मी मोठ्यानं वाचत होतो. आडव्या ओळींशी थांबायला हवं होतं, पण आत्या “पुढे काय?” म्हणाली आणि मी वाचत गेलो. तिला तू आंबलेलं लोणी म्हटलंस, तेही वाचलं. आशा नाही तर नाही, ते देव बघेल. पण दोघी मुली दोन वर्षं माझ्या अधू डोळ्यांचा फायदा घेत होत्या, हे मला फार लागलं. कॉलेज सोडू नकोस. यापुढे तुझी पत्रं लोरिंडा उघडेल. मी वाचणार नाही.’

“राहिलीस की मग,” ओर्फा म्हणाली. “रडतेस कशाला?”

फिलेनानं थेट त्यांच्याच नावानं तीन पत्रं लिहिली. तिन्ही माफीची, आणि तिन्हींना उत्तर नाही. चौथ्यात माफी नव्हती, एकच प्रश्न होता. बाबा, तुम्हाला आशा कधी मिळाली?

मे महिन्यात दोन ओळी आल्या. पहिलीत मका पेरल्याची खबर. दुसरीत एवढंच: ‘तुझ्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उभा राहिलो.’

हे तिनं ओर्फाला दाखवलं नाही, लोरिंडाला तर नाहीच. सुट्टीत घरी गेल्यावर पहिल्या रविवारी बाबा चर्चच्या पुढच्या बाकावर ताठ बसले होते. गावच्या दोन पोरांना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “आशा आहे का रे?” पोरं लगबगीनं उठली. मागे बसलेल्या फिलेनाला स्वतःची काळजी वाटेनाशी झाली. तिला भीती वाटली ती बाबांसाठी; तेही एकदा असेच उठले होते.