मांडीवरची थाप

आई गेल्या त्या सकाळी सगळीकडे फोन झाले, उमरेडचा तेवढा राहिला. तिथे आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, धाकटी बहीण, कमलमावशी. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आईंच्याच जुन्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला, मावशी हसत समोर आल्या... आणि मला हातांनी सांगावं लागलं. नाकातल्या खड्याच्या जागी बोट, म्हणजे आई. मग हात आडवा. पुढचं माझ्याच्यानं झालं नाही, पण मावशींना कळलं होतं.

तो कॉल मुळात लागला, हा आईंचा विजय. आणि विजय मिरवायला माझ्या सासूला भारी आवडायचं!

या बहिणी विणकराच्या घरातल्या. मागाच्या खडखडाटात तिथे सगळेच हातांनी बोलायचे, त्यामुळे कमलमावशी कधी एकट्या पडल्या नाहीत. आई लग्न होऊन नागपुरात आल्या. पुढे दोघींनी सारखेच फोन घेतले आणि आमच्या हुडकेश्वरच्या घरात रोज संध्याकाळी हातवारे सुरू झाले. मग एक दिवस कॉलचं ॲप म्हणालं, तुमचा फोन जुना झाला, लवकरच मी बंद. आमचे हे म्हणाले, दोघींना नवे फोन घेऊ. झालं! "चांगला भला फोन काहून फेकू? अन् कमलले हा शिकवता शिकवता माह्ये केस पिकले. नव्यासाठी दुसरा जन्म लागन मले!"

जुन्या फोनवर नवी सिस्टीम चढवता येते, हे त्यांनी कुठून शोधलं देव जाणे. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकट, कुणीही आतून उघडून पाहावी अशी. आधी स्वतःचाच फोन घेतला. "बिघडला तं माह्या बिघडन. कमलचा नाही बिघडला पाह्यजे." मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरला तर फोन दिसेचना. आई त्याला काय काय बोलल्या! शेवटी कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती. ती बदलली, जुनं सगळं पुसलं गेलं, नवी सिस्टीम चढली, आणि पडद्यावर एक गोल फिरत राहिला... फिरतच राहिला. मी घाबरून केबल ओढणार, तर आईंनी मनगटच धरलं. "हात लावू नको वं! पहिल्यांदा वेळ लागते त्याले. जा, चहा मांड."

चहा उकळत होता आणि आतून फाडकन आवाज आला. धावत गेले. फोन सुरू झाला होता आणि आईंनी पैलवानासारखी मांडीवर थाप मारली होती. मग उमरेडला जाऊन मावशींच्या फोनवरही ती सिस्टीम चढवली, एकेक चित्र जुन्याच जागी लावून दिलं, आणि तिथेही थाप! "आता सांग, कोन जुनं झालं?" आल्यागेल्याला हीच गोष्ट. मी वैतागायचे. आता ती ऐकवणारं कुणी नाही, तर घर खायला उठतं.

संध्याकाळचा तो कॉल आता मी घेते. माझे हातवारे मोडकेतोडके, मावशी सांभाळून घेतात. परवा त्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली. मावशींच्या फोनवर ती कोण चढवणार? मला धडकीच भरली. संध्याकाळी त्यांचा कॉल आला. त्यांनी फोनकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. स्वतःच केलं होतं बाईनं! मग नाकाच्या खड्याच्या जागी बोट ठेवलं, आणि मांडीवर सणसणीत थाप मारली.

त्यांना ती ऐकू गेली नाही. आमच्या सगळ्या घराला गेली.